भीमराज ‘चांगलं झालं’ का म्हणाला

मी एक जुनी प्रेस आहे. वर्तमानपत्र छापणारी नव्हे, मित्रांनो. पत्रा कापणारी आणि वाकवणारी. चाकणच्या एका लहानशा कारखान्यात, पत्र्याच्या शेडखाली, मागच्या शटरशेजारी मी उभी आहे. तुमच्या घरच्या स्कूटरची ब्रेकची तार ज्या छोट्या पट्टीला अडकवलेली असते, तशा पट्ट्या मी आयुष्यभर बनवल्या. किती, ते मलाही ठाऊक नाही.

माझ्या एका ठोक्यात चाळीस टनांचा जोर आहे. पण आज मी तुम्हाला माझ्या जोराची गोष्ट सांगणार नाही. माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांची सांगणार आहे. त्यांच्यात मी जे पाहिलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म पंजाबातला. तिथल्या एका ओतशाळेत वाळूचा साचा केला होता आणि त्यात लाल वितळलेलं लोखंड ओतलं. दोन दिवस मी वाळूत निवत पडले होते. मग मला घासलं, तासलं, हिरवा रंग दिला, पाठीवर मोठं जड चाक बसवलं. ट्रकवर दोरखंडांनी बांधून मी निघाले ती चार दिवसांनी भोसरीत उतरले. तेव्हा आमचा कारखाना भोसरीत, एका भाड्याच्या गाळ्यात होता.

मालकांचं नाव अर्जुनराव. तेव्हा ते तिशीतले होते. मोशीकडचे, शेतकऱ्याघरचे, पण मोठ्या कंपनीत दहा वर्षं काम करून स्वतःचा धंदा काढायला निघालेले. त्यांच्या पत्नीनं, यशोदाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाल्या, “बाई, कुणाच्या बोटाला इजा करू नकोस.” लोखंडाच्या यंत्राला कुणी बाई म्हणावं, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं. मी मनाशी ठरवलं, की यांचा शब्द पाळायचा. आणि बोटांच्या बाबतीत मी तो पाळला. माझ्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, तिच्या आत आजवर कुणाचं बोट सापडलं नाही. पण यशोदाबाई बोटांबद्दल बोलल्या होत्या. कानांबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

पहिली काही वर्षं अर्जुनराव स्वतःच माझ्यावर काम करत. मग धंदा वाढला आणि भीमराज आला.

भीमराज परभणीकडचा. एकवीस वर्षांचा, काटक, काळासावळा. गावाकडून आला तेव्हा हातात एक पिशवी होती आणि तोंडात गोष्टी भरलेल्या होत्या. चहाच्या सुट्टीत तो गावातल्या एका बैलाची गोष्ट सांगे, की तो बैल सासुरवाडीला कसा रुसला आणि जावयापेक्षा त्याचाच मान कसा मोठा ठेवावा लागला. ती गोष्ट त्यानं शंभर वेळा सांगितली असेल, पण दर वेळी तिचा शेवट वेगळा असे. माणसं हसून हसून कप खाली ठेवत.

आणि त्याचे कान! मित्रांनो, असे कान मी पाहिले नाहीत. माझा ठोका दिवसभर ‘धडाम्, धडाम्’ पडत असे. त्या गदारोळात एखादा बोल्ट केसभर जरी सैल झाला, तरी भीमराज पायाखालच्या पॅडलवरून पाय काढून घेई आणि म्हणे, “थांबा. हिच्या पोटात काहीतरी दुखायलंय.” कुणाला काही कळायच्या आत त्याला कळलेलं असे. डॉक्टरनं नाडी धरावी तसा तो माझा आवाज धरून बसे. मला वाटायचं, या माणसाइतकं मला कुणी ओळखत नाही.

त्याच्याच वेळचा एक सोबती होता अझहर. अझहर काळेवाडीचा, तिथल्या एका मेकॅनिकचा मुलगा. माझ्या तोंडात जो साचा बसवतात, त्याला डाय म्हणतात. तो बसवणं, काढणं, घासून नीट करणं हे अझहरचं काम. भीमराजनंही पुढे काळेवाडीतच दोन खोल्या घेतल्या, म्हणून दोघं एकाच गाडीवर येत-जात. ईदला अझहरची आई, झुलेखाबी, स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा भरून द्यायची तो थेट भीमराजच्या हातात. भीमराज त्यांना अम्मीच म्हणायचा. कारखाना भोसरीहून चाकणला हलला, मला पुन्हा ट्रकवर बांधलं, तेव्हा हे दोघं ट्रकमध्ये माझ्या दोन बाजूंना बसून आले होते.

मग हळूहळू भीमराज बदलला.

कधी बदलला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी त्याच्या गोष्टी बंद झाल्या. चहा घेताना तो सगळ्यांच्या मागे उभा राहू लागला. कुणी विनोद केला, की सगळे हसल्यावर क्षणभरानं तो हसे. पुढे तेही थांबलं. कुणी “काय भीमराजभाऊ?” म्हणून हाक मारली, तरी तो मान वर करत नसे. काही विचारलं तर “हो, हो” म्हणे आणि आपल्या कामाला लागे. डावा तळहात माझ्या अंगावर टेकवून, एका हातानं पत्रा सरकवत तो दिवसभर मान खाली घालून उभा राही.

शेडमध्ये बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, स्वतःच्या खोल्या झाल्यापासून याचे पाय जमिनीला लागत नाहीत. कुणी म्हणालं, मुलगी पूनम नर्सिंगला गेली ना, त्याचा ताठा. एकजण म्हणाला, हात कसा टेकवून उभा राहतो बघा, जसं काही मशीन याच्याच बापाचं आहे.

मी तुम्हाला खरं सांगते. मीही तसंच समजत होते. माझ्या पोटात दुखलं तरी आता तो पूर्वीसारखा चटकन पाय काढत नव्हता, दोन-चार ठोके जाऊ देई. मला वाटलं, याला माझी माया उरली नाही. मी मनातून त्याच्यावर रुसले होते.

अशातच ती गोष्ट घडली, जिनं दोन मित्र तुटले.

झुलेखाबी पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. एका सकाळी अझहर कामावर आला तो डोळे सुजलेले. मी चालू होते. भीमराजच्या उजव्या बाजूला उभं राहून तो म्हणाला, “अम्मीला घरी आणलंय.” मग मान खाली घातली. “डॉक्टर म्हणाले, आता काही उपाय नाही.”

भीमराजनं त्याच्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “चांगलं झालं. लई चांगलं झालं, राव.”

अझहर जागच्या जागी थिजला. हातातला पाना त्यानं इतका घट्ट धरला, की बोटं पांढरी पडली. तो निघून गेला. चार दिवसांनी झुलेखाबी वारल्या. भीमराज कब्रस्तानात गेला होता, अगदी मागे उभा होता, हे मी इतरांच्या बोलण्यातून ऐकलं. अझहरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर अझहर गाडीवर एकटाच यायला लागला. भीमराज बसनं येऊ लागला. एकाच शेडमध्ये, माझ्या दोन बाजूंना, ते दोघं पुढची दोन वर्षं एकमेकांशी कामापुरतंही बोलले नाहीत. आपलं काय चुकलं हे भीमराजला माहीत नव्हतं आणि अझहरनं ते कधी सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षाली आली. चऱ्होलीच्या एका जुन्या घरातली मुलगी, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली. वय चोवीस. अर्जुनरावांनी तिला सुपरवायझर नेमलं. पहिल्याच दिवशी ती कानात पिवळे फोमचे बोळे घालून शेडमध्ये शिरली तेव्हा सगळे गालातल्या गालात हसले. आमच्याकडे कानात काही घालायची पद्धतच नव्हती. फार तर कुणी कापूस घाले.

वर्षाली कामाला कडक होती. चूक झाली की ती वहीत लिहून ठेवी. आणि तिच्या वहीत भीमराजचं नाव सारखं येऊ लागलं. ती हाक मारी आणि तो वळत नसे. ती सूचना देई, तो मान डोलवी आणि भलतंच करी. एकदा तिनं त्याच्या मागे उभं राहून स्पष्ट सांगितलं, की डावीकडची पत्र्यांची चवड वापरू नका, जाडी कमी आहे. तो म्हणाला, “हो मॅडम.” दुपारी बघते तर त्यानं नेमकी तीच चवड संपवत आणली होती. शेकडो पट्ट्या भंगारात गेल्या.

तिला वाटलं, आपण मुलगी आहोत आणि वयानं लहान आहोत म्हणून हा माणूस आपला शब्द मुद्दाम मोडतो. असं वाटणं तिच्या जागी कुणालाही साहजिक होतं. तिनं अझहरला विचारलं. अझहर म्हणाला, “तो कुणालाच मानत नाही, मॅडम. माणुसकी संपली त्याच्यातली.”

मग तो गुरुवार उजाडला.

सकाळचे अकरा वाजले असतील. माझ्या तोंडातल्या वरच्या डायचा एक बोल्ट ढिला झाला. माझा आवाज बदलला. ‘धडाम्’च्या मागून एक बारीक ‘खण्’ येऊ लागला. समोरच्या टेबलावर काम करणाऱ्या अझहरनं तो ऐकला आणि ओरडला, “थांबव! प्रेस थांबव!”

भीमराज पुढचा पत्रा उचलण्यासाठी वळला होता. पत्रा जड होता, दोन्ही हात त्यालाच होते. त्यानं पत्रा आत सरकवला आणि पॅडल दाबलं. अझहर पुन्हा ओरडला. पुन्हा ठोका पडला. मी स्वतःला थांबवू शकत नाही, मित्रांनो. तेवढं आम्हा यंत्रांच्या हातात नसतं. डायला तडा गेला आणि लोखंडाचा अंगठ्याएवढा तुकडा सुसाटत जाऊन अझहरच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीच्या पत्र्यात घुसला.

सगळं शेड थांबलं. अर्जुनराव केबिनमधून धावत आले. अझहरनं भिंतीत घुसलेल्या तुकड्याकडे बोट केलं. तो एवढंच म्हणाला, की मी दोनदा ओरडलो आणि यानं दोनदा दाबलं. अर्जुनराव सहसा रागवत नसत. त्या दिवशी ते सगळ्यांदेखत ओरडले. त्यांनी भीमराजला सांगितलं, की शिफ्ट संपली की घरी जा आणि उद्यापासून येऊ नकोस.

भीमराज त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांचं बोलून झालं तसा म्हणाला, “व्हय शेठ.” आणि जेवणाचा डबा घेऊन मागच्या शटरच्या पायरीवर जाऊन बसला. लोक म्हणाले, बघा, अजूनही काही वाटत नाही याला.

जेवणाच्या सुट्टीत वर्षाली माझ्यापाशी आली. झाल्या प्रकाराचा कागद तिला भरायचा होता. ‘कारण’ या शब्दापुढे तिनं ‘कामगाराची बेपर्वाई’ असं लिहिलंही. मग मला कुठे इजा झाली आहे का हे पाहण्यासाठी तिनं अझहरला दुसरा जुना डाय बसवून मला हळू चालवायला सांगितलं आणि स्वतः भीमराजच्या जागी उभी राहिली.

त्या जागेवरून तिला एक गोष्ट दिसली. माझ्या अंगावर, छातीच्या उंचीला, डाव्या हाताशी रंग पार गेला होता. बरोबर तळहाताएवढी जागा. तिथलं लोखंड घासून घासून चांदीसारखं चमकत होतं.

तिनं अझहरला विचारलं, की इथला रंग कसा गेला. अझहर म्हणाला, तो तिथं हात टेकवतो, चार-पाच वर्षं झाली, ऐट आहे त्याची.

वर्षालीनं त्या जागेवर आपला तळहात ठेवला. तिच्या कानात बोळे होते. अझहरनं मला चालवलं. ठोका थेट तिच्या तळहातात उतरला. मग तिनं अझहरला वरचा बोल्ट थोडा सैल करायला सांगितलं. तो बिचकला, पण त्यानं केला. माझा ठोका हळूच पडला. त्यामागून येणारा ‘खण्’ तिच्या कानांना बोळ्यांमुळे कळला नसावा, पण तिच्या हातानं तो पकडला. मला ते तिच्या बोटांवरून कळलं. ती दचकून ताठ झाली होती.

तिनं हात काढला नाही. आणि मला, एवढ्या वर्षांनंतर, पहिल्यांदा कळलं, की भीमराजचा तो हात ऐटीचा नव्हता. तो मला ऐकत होता. कान गेल्यावर हा माणूस माझी नाडी तळहातानं धरून उभा होता, रोज आठ तास, आणि मी त्याच्यावर रुसले होते.

वर्षालीनं कागदावरच्या त्या दोन शब्दांवर रेघ मारली. मग ती शटरकडे गेली. भीमराज तिच्याकडे पाठ करून बसला होता. तिनं हाक मारली नाही. ती वळसा घालून त्याच्या समोर गेली, पायरीखालच्या विटांवर बसली आणि वहीत एक ओळ लिहून वही त्याच्यापुढे धरली.

“मामा, तुम्हाला ऐकू कमी येतं का?”

भीमराजनं ती ओळ वाचली. त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. तो वर बघेना. मी याच माणसाला भर उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याशी झुंजताना पाहिलं होतं, हाताला टाके पडलेले असताना काम करताना पाहिलं होतं. त्या एका ओळीनं त्याचे खांदे हलू लागले.

“कुणाला सांगू नका, मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “बहिऱ्याला प्रेसवर कोण उभं करतंय? पूनमचं शिक्षण व्हायचंय अजून. सहा वर्षं झाली. आधी चिमण्यांचा आवाज गेला. मंग फोनची बेल. आता माणूस बोललं की निसती तोंडं हलत्याली दिसतेत. सगळे हसले की मी हसतो. कामून हसले, ते कळंना गेलंय.”

वर्षालीनं पुढचं सावकाश, त्याच्याकडे तोंड करून सांगितलं. “मामा, हे लपवता येणार नाही. आज अझहरभाईंचं डोकं थोडक्यात वाचलं. उद्या तुमचा हात जाईल. पण शेठपुढं तुम्ही एकट्यानं उभं राहायचं नाही. मी येते बरोबर. आणि माझी चूक मला आधी सांगायचीय. मी सहा महिने तुमच्या पाठीमागून बोलत होते. एकदाही समोर आले नाही.”

मित्रांनो, ती त्याची अधिकारी होती. वहीत तिच्या बाजूनं सगळे पुरावे होते. तरी आधी तिनं स्वतःची चूक काढली. लोखंड वाकवायला काय लागतं, ते मला माहीत आहे. माणूस आपणहून असा वाकतो, तेव्हा त्याला काय लागत असेल, याचा विचार मी अजून करते.

अर्जुनराव तुटलेला डाय बघायला आले, तेव्हा दोघं माझ्याजवळच उभे होते. वर्षालीनं सगळं सांगितलं. तिनं कानाबद्दलही सांगितलं, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. माणसाच्या कानात आत, शंखाच्या आकाराची एक इवलीशी नळी असते म्हणे. तीत केसाहूनही बारीक तंतू उभे असतात. आवाज आला की ते डोलतात आणि माणसाला ऐकू येतं. वर्षानुवर्षं मोठा आवाज आदळत राहिला, तर ते पायदळी तुडवलेल्या गवतासारखे आडवे होतात. गवत पुन्हा उगवतं. ते तंतू उगवत नाहीत.

इतकी नाजूक वस्तू माणूस डोक्याच्या दोन बाजूंना घेऊन हिंडतो, हे ऐकून मी थक्क झाले. आणि मग मला कळलं, की तो मोठा आवाज माझाच होता.

अर्जुनरावांनी तुटलेला डाय खाली ठेवला. मग त्यांनी आपला उजवा कान धरला. “माझ्या ह्या कानात पंधरा वर्षं शिट्टी वाजती,” ते म्हणाले. “हिच्यावर मीच काम करायचो ना आधी. आमी कापूस घालायचो. मला वाटलं, वय झालं. मी घरात यशोदेला न्हाई सांगितलं कधी. आन् ह्याला मी आज घरी जा म्हणालो.”

त्यांनी भीमराजच्या दोन्ही दंडांना धरलं, त्याला आपल्या तोंडाकडे बघायला लावलं आणि हळू, शब्द तोडून म्हणाले, “उद्या यायचं. प्रेसवर न्हाई. पण यायचं.”

अझहर हे सगळं ऐकत माझ्या पलीकडे उभा होता. हातात पाना होता. तो फिरून पुढे आला आणि भीमराजच्या समोर उभा राहिला. दोन वर्षांनी तो त्याच्याशी बोलणार होता.

“भीमराजभाऊ,” तो म्हणाला, “ज्या दिवशी मी तुला अम्मीचं सांगितलं, तुला काय ऐकू आलं होतं?”

भीमराजनं त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं. “अम्मीला घरी आणलं म्हणलास ना तू. मंग मान खाली घातलीस. पुढचं न्हाई दिसलं. मला वाटलं, बरं वाटलं म्हणून घरी आणलं. म्हणून म्हणलं, चांगलं झालं.” तो थांबला. “कामून? काय म्हणला होतास?”

अझहरनं वर्षालीकडे पाहिलं, अर्जुनरावांकडे पाहिलं. मग त्यानं ते पुढचं वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी मान वर करून.

भीमराजला ते वाक्य समजायला एक क्षण लागला, आणि मग त्यावर आपण काय बोललो होतो हे समजायला आणखी एक. तो मटकन पत्र्यांच्या चवडीवर बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. “अम्मीनं माझ्या हातात डबा दिलेला हाय रे,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अझहर त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं त्याचे हात तोंडावरून खाली घेतले, कारण हात तोंडावर असले की भीमराजला दिसलं नसतं. आणि म्हणाला, “मी एकदा विचारलं असतं, तर दोन वर्षं वाचली असती. मी विचारलंच नाही.”

सायंकाळी बाहेर अझहरची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी भीमराज बसनं गेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. भीमराजच्या कानांची तपासणी झाली, यंत्र बसलं. ते यंत्र सगळं परत देत नाही. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलतंय असं वाटतं, असं तो सांगतो. पण आता तो लपवत नाही. समजलं नाही की बेधडक म्हणतो, “परत सांग.” शेडमधली माणसं त्याच्यासमोर येऊन बोलतात. त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलंय. तयार पट्टीच्या कडेला राहिलेली बारीक धार, जी डोळ्यांना आणि मापालाही सापडत नाही, ती त्याच्या बोटांना सापडते.

माझ्याभोवती आता जाड फोमची खोली बांधली आहे. माझा आवाज आतच राहतो. शेडमध्ये येणारा प्रत्येकजण, अर्जुनरावसुद्धा, कानांवर काहीतरी चढवूनच आत येतो. नव्या दोन प्रेस आल्या आहेत, बहुतेक काम त्याच करतात. मला आठवड्यातून दोन-तीनदा जुन्या मालासाठी चालवतात. कधीतरी मी भंगारात जाईन. माझ्या हातून एका चांगल्या माणसाचे कान गेले, हे मी विसरणार नाही. भीमराजनं मात्र मला कधी दोष दिला नाही. परवा जाताना तो खोलीत डोकावला आणि म्हणाला, “कशी हायेस, बाई?”

गेल्याच महिन्यात पॅकिंगला साबिया नावाची एक बाई लागली आहे. चाळिशीची. कुणाशी बोलत नाही. जेवायला बसते ती भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ. तीन-चार दिवस झाले आणि कुजबुज सुरू झाली, की आपल्यात बसायला हिला कमीपणा वाटतो. माझ्या खोलीचं दार सुट्टीत उघडं असतं, म्हणून पुढचं मला दिसलं. भीमराज उठला. त्यानं आपला डबा उचलला, अझहरनं त्याचा उचलला. दोघं वळसा घालून तिच्या समोर गेले. तिथं भिंत आणि तिच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. त्या हातभर जागेत दोघं भिंतीला पाठ लावून बसले. भीमराजनं काहीतरी विचारलं.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. लांब होतं. पण ती बराच वेळ बोलत होती, आणि ते दोघं जेवायचे थांबले होते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरातही कुणीतरी असं असेल, जे हाकेला ओ देत नाही, उगाच चिडतं, सगळे हसून झाल्यावर हसतं. त्याला नाव ठेवायला एक क्षण लागतो. तो क्षण थोडा लांबवा. वळसा घाला, त्याच्या समोर जा आणि विचारा. मी लोखंडाची आहे, मला जागचं हलता येत नाही. तुम्हाला येतं.